छापील किमतीतला कर कसा मोजावा?

वाचकांचे पत्र

स. न. वि. वि.

घरखर्चाची वही मी नियमाने ठेवते आणि यंदापासून तीत कराचा एक वेगळा रकाना घालावा, असे मनात आहे. पण बिले घेऊन बसले की गोंधळ उडतो. माझा भाचा म्हणतो, एकूण बिलाचे सरळ १८ टक्के काढ, तोच कर. सुट्ट्या तूरडाळीवर कर नाही आणि पाकिटातल्या डाळीवर आहे, असे का? लेकीसाठी घेतलेल्या कुर्त्यावर ३,५४० रुपये छापलेले होते, ३० टक्के सवलतीनंतर ते २,४७८ झाले, आणि काउंटरवर ‘५ टक्के जीएसटी’ म्हणून आणखी १२३ रुपये ९० पैसे घेतले. पुण्यातल्या एका हॉटेलात ८०० रुपयांच्या जेवणाचे ९२४ रुपये द्यावे लागले. मिक्सर बघायला गेले, तर दुकानदार म्हणाला, ४,७२० रुपयांची वस्तू बिलाशिवाय ४,००० ला देतो. यात बरोबर काय आणि चूक काय, हे समजावून सांगावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या भाच्याने सांगितलेली रीत दोन ठिकाणी चुकते. पहिली चूक अशी की सगळ्या वस्तूंवर १८ टक्के कर नसतो. वाणसामानाच्या यादीतल्या बऱ्याच वस्तूंवर तो ५ टक्के असतो आणि काहींवर मुळीच नसतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि चांगले शिकलेले लोकही ती करतात. कराचा दर हा कर मिळवण्यापूर्वीच्या किमतीवर लावलेला असतो, छापील किमतीवर नव्हे. वस्तूची मूळ किंमत १०० रुपये असेल आणि कर १८ टक्के असेल, तर वेष्टनावर ११८ रुपये छापले जातात. या ११८ रुपयांचे पुन्हा १८ टक्के काढले, तर २१ रुपये २४ पैसे येतात, आणि आपल्या वहीत न भरलेला सव्वातीन रुपयांचा कर नोंदला जातो.

वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालच्या, २०११ सालच्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपण ज्याला एमआरपी म्हणतो ती, सर्व करांसह छापावी लागते. म्हणून छापील किमतीतून कर शोधताना गुणाकाराच्या आधी भागाकार करावा लागतो. १८ टक्के दराच्या वस्तूसाठी छापील किंमत ११८ ने भागून १८ ने गुणावी. ५ टक्क्यांसाठी १०५ ने भागून ५ ने गुणावी. आपण शिक्षिका असल्यामुळे हे अपूर्णांक संक्षिप्त रूपात मांडण्याचा मोह मला आवरत नाही. ५ टक्के दराच्या वस्तूत कर हा किमतीचा बरोबर एकविसावा भाग असतो. ४० टक्के दराच्या वस्तूत तो दोन सप्तमांश असतो. १८ टक्क्यांचे संक्षिप्त रूप नऊ एकोणसाठांश असे अवघड येते, तेव्हा तिथे शंभरामागे सव्वापंधरा रुपये हे प्रमाण लक्षात ठेवले तरी घरच्या हिशेबाला पुरते.

आता दरांकडे वळू. महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला, आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर सुरू झाला. तेव्हापासूनचे ५, १२, १८ आणि २८ हे चार टप्पे आपल्या स्मरणात असतील. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांतले १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले आणि सर्वसाधारण ग्राहकापुरते ५, १८ आणि ४० हे तीन दर उरले. आंघोळीचा साबण, टूथपेस्ट, शांपू, केसांचे तेल आणि बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली. तूप, लोणी आणि फरसाण १२ वरून ५ वर आले. साखर, चहा आणि खाद्यतेल आधीपासूनच ५ टक्क्यांत आहेत. ताजी भाजी, फळे, पिशवीतले दूध, मीठ यांवर कर नाही, आणि मुलांच्या वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरचा करही आता निघाला आहे. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली; अंगाचा साबण आणि कपड्यांची पावडर एकाच फळीवर शेजारी असतात म्हणून दर एकच असेल असे गृहीत धरू नये. मिक्सर, मोबाइल, दूरचित्रवाणी संच हे १८ टक्क्यांत आहेत. साखर घातलेली फसफसणारी शीतपेये ४० टक्क्यांत गेली, पण त्यांच्यावर आधीही २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढाच बोजा होता, त्यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने तिथे काही बदलले नाही. सोने आणि सोन्याचे दागिने यांचा ३ टक्के दर या सगळ्यांपासून वेगळा आहे आणि सराफ तो सहसा किमतीवर वेगळा लावून दाखवतात.

एका काल्पनिक बिलावर हे करून पाहू. मोठ्या किराणा दुकानातून सुटे गहू २०० रुपयांचे, पाकिटातली एक किलो तूरडाळ १६८ रुपयांची, दूध ६० रुपयांचे, साबणाच्या वड्यांचा संच १२६ रुपयांचा, कपडे धुण्याची पावडर २३६ रुपयांची, शीतपेयाची मोठी बाटली ९८ रुपयांची आणि एक वही ६० रुपयांची, अशी एकूण ९४८ रुपयांची खरेदी झाली असे समजा. गहू, दूध आणि वही यांवर कर शून्य. डाळीचा एकविसावा भाग ८ रुपये, साबणाचा एकविसावा भाग ६ रुपये. पावडरीचे २३६ भागिले ११८ गुणिले १८, म्हणजे ३६ रुपये. शीतपेयाचे दोन सप्तमांश, म्हणजे २८ रुपये. एकूण कर ७८ रुपये. भाच्याच्या रीतीने याच बिलावर १७० रुपये ६४ पैसे कर निघाला असता, म्हणजे खऱ्या कराच्या दुपटीहून अधिक. आणखी एक गोष्ट या आकड्यांत दिसते: ७८ पैकी ६४ रुपये केवळ पावडर आणि शीतपेय या दोन वस्तूंतून गेले. कराचा रकाना घालण्याचा खरा उपयोग मला इथेच वाटतो, कारण घरातला कोणता पैसा कुठल्या वस्तूपायी कराकडे जातो, ते एकूण बेरजेवरून कधीच कळत नाही.

अर्थात हा सगळा खटाटोप प्रत्येक बिलासाठी करण्याची गरज नाही. संगणकावर निघणाऱ्या बिलाच्या तळाशी बहुधा एक छोटा तक्ता असतो, ज्यात दरानुसार करपात्र रक्कम, सीजीएसटी आणि एसजीएसटी असे रकाने असतात. वरच्या उदाहरणात तिथे सीजीएसटी ३९ आणि एसजीएसटी ३९ असे दिसेल, कारण राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा निम्मा विभागलेला असतो. बिलावर ‘२.५ टक्के’ वाचून वस्तूवरचा कर अडीच टक्के आहे असे समजू नये. तो दोन वेळा लागलेला असतो. ही रक्कम बहुधा छापील किमतीतूनच वेगळी काढून दाखवलेली असते, एकूण बेरजेत पुन्हा मिळवलेली नसते. तशी मिळवली नाही ना, एवढेच पाहावे आणि वहीत तक्त्यातला आकडा उतरवून घ्यावा.

कोपऱ्यावरच्या लहान वाण्याच्या बाबतीत मात्र हिशेब इतका नेमका जमणार नाही. केवळ वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसलेला दुकानदार बिलावर कर लावू शकत नाही. तरीही त्याच्याकडच्या साबणाच्या किमतीत कर असतोच, कारण त्याने तो घाऊक व्यापाऱ्याला देऊन माल आणलेला असतो. फक्त त्याच्या स्वतःच्या नफ्यावर तो लागलेला नसतो. अशा खरेदीवर एकविसाव्या भागाचा हिशेब केला, तर खऱ्या करापेक्षा थोडा जास्तच आकडा येईल. वहीत त्यापुढे ‘अंदाजे’ असे लिहावे.

तूरडाळीबद्दलची आपली शंका रास्त आहे, कारण डाळ तीच आणि शिजायला वेळही तेवढाच. १८ जुलै २०२२ पूर्वी डाळ, तांदूळ, पीठ अशा वस्तूंवरचा कर त्यांच्या नोंदणीकृत ब्रँडवर अवलंबून होता. ब्रँडवरचा हक्क सोडल्याचे कागदोपत्री दाखवून काही उत्पादक त्यातून सुटत, म्हणून ती कसोटी बदलली आणि ‘आधीच बांधलेले व लेबल लावलेले, २५ किलोपर्यंतचे पाकीट’ ही नवी कसोटी आली. अशा पाकिटातल्या डाळीवर, तांदळावर, पिठावर, पोह्यांवर आणि गुळावर ५ टक्के कर आहे. दुकानदाराने आपल्यासमोर पोत्यातून काढून तोलून दिलेली डाळ सुटी समजली जाते आणि तिच्यावर कर नाही, मग ती त्याने कागदी पुडीत द्यावी की पिशवीत. उलट, मोठ्या दुकानात आधीच किलो-किलोच्या पिशव्या भरून त्यांवर वजन-किंमतीची चिठ्ठी लावलेली असेल, तर ती डाळ पाकिटातलीच झाली. २५ किलोच्या मर्यादेमुळे २६ आणि ३० किलोची तांदळाची पोती बाजारात दिसू लागली. त्यामागचे गणित आता आपल्या ध्यानात आले असेल. दुग्धजन्य पदार्थांत ही विभागणी अधिकच विचित्र आहे: पाकिटातल्या पनीरवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला, पाकिटातल्या दह्यावर आणि ताकावर तो ५ टक्के राहिला. याचे तर्कशुद्ध समर्थन मला तरी करता येत नाही. एक व्यावहारिक सूचना मात्र करावीशी वाटते. केवळ कर वाचवण्यासाठी सुटी डाळ घेऊ नका; १६८ रुपयांच्या पाकिटात कर ८ रुपयांचा आहे, आणि सुट्या डाळीचा भाव किंवा निवड त्याहून जास्त फरक पाडू शकते.

कुर्त्याच्या बाबतीत दुकानाने आपल्याकडून १२३ रुपये ९० पैसे जास्त घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे. ३,५४० ही छापील किंमत सर्व करांसह होती. तिच्यावर ३० टक्के सवलत दिल्यावर उरलेले २,४७८ रुपयेही करांसहच असतात; सवलत दिल्यामुळे आतला कर बाहेर पडून वेगळा मागण्याजोगा होत नाही. व्हॅटच्या काळात अशाच एका प्रकरणात, सवलतीच्या जाहिरातीनंतर कमी झालेल्या किमतीवर पुन्हा कर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्वाळा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये दिला होता. कराचे नाव बदलले तरी तो तर्क आजही तसाच लागू पडतो. जाहिरातीच्या फलकावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कर अतिरिक्त’ असे लिहिलेले असते, आणि दुकानदार त्याकडे बोट दाखवतो. परंतु छापील किमतीत एकदा धरलेला कर बारीक अक्षरांच्या आधाराने पुन्हा मागता येत नाही.

याच कुर्त्यात आणखी एक बारकावा आहे. तयार कपड्यांवर प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या विक्रीमूल्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे, आणि इथे विक्रीमूल्य म्हणजे प्रत्यक्ष विक्रीची, कर वगळून राहणारी किंमत. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सवलत त्या किमतीतून वजा होते. सवलत नसती, तर आपल्या कुर्त्याची करपूर्व किंमत ३,००० रुपये आणि त्यावरचा कर ५४० रुपये झाला असता. सवलतीनंतर तो ५ टक्क्यांच्या टप्प्यात आला, म्हणून २,४७८ चा एकविसावा भाग, म्हणजे ११८ रुपये कर, आणि २,३६० रुपये करपूर्व किंमत, असे बिल व्हायला हवे होते. दुकानाने दर बरोबर धरला, पण तो आतून काढण्याऐवजी बाहेरून लावला. आपण वहीत कराच्या रकान्यात ११८ लिहा, आणि उरलेले १२३ रुपये ९० पैसे ‘परत मागायचे’ म्हणून वेगळे नोंदवा.

हॉटेलच्या ९२४ रुपयांचा उलगडा बिलावरच असणार. माझा अंदाज असा की ८०० रुपयांवर १० टक्के सेवाशुल्क म्हणून ८० रुपये लावले, आणि मग ८८० वर ५ टक्के जीएसटी म्हणून ४४ रुपये. बेरीज ९२४ बरोबर जुळते. यातले सेवाशुल्क हा कर नाही. ते सरकारकडे जात नाही, हॉटेलमालकाकडे जाते, आणि ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये आणि ते जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावू नये, असे म्हटले आहे; दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. जेवणाच्या ८०० रुपयांवर ५ टक्के कर ४० रुपये होतो आणि आपण ८४० रुपये द्यायला हवे होते. इंग्रजी बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ हे शब्द कराच्या ओळीला खेटून असल्यामुळे बहुतेक लोक तोही एक करच समजून मुकाट्याने पैसे देतात. पुढच्या वेळी बिल हाती येताच हे शुल्क काढून नवे बिल द्यायला सांगावे. पैसे दिल्यानंतर भांडण्यापेक्षा ते सोपे जाते. हॉटेलात दर बाहेरून लागतो, कारण भोजनयादीतले भाव बहुधा कर वगळून दिलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही.

लहान खानावळी आणि मिठाईची दुकाने यांच्याकडे आणखी एक प्रकार आढळतो, तो आपल्या पत्रात नाही, पण वही ठेवणाऱ्याला कधी ना कधी भेटतोच. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यावसायिकाला आपसमेळ योजना घेता येते, जिला बाजारात सगळे ‘काँपोझिशन’ म्हणतात. त्यात तो आपल्या उलाढालीवर ठरावीक दराने, खानावळ असेल तर ५ टक्के आणि व्यापारी असेल तर १ टक्का, स्वतःच्या खिशातून कर भरतो आणि ग्राहकाकडून कर म्हणून एक पैसाही वेगळा घेऊ शकत नाही. आपण या योजनेतले आहोत अशी पाटी त्याने दुकानात लावायची असते आणि बिलावरही तसे छापायचे असते. म्हणून ज्या बिलाच्या डोक्यावर काँपोझिशनचा उल्लेख आणि तळाशी जीएसटीची रक्कम, असे दोन्ही असेल, तिथे ती रक्कम देऊ नये. मात्र त्याच खानावळीतून अ‍ॅपवरून जेवण मागवले, तर ५ टक्के कर लागेल आणि तो योग्यच असेल, कारण १ जानेवारी २०२२ पासून अशा जेवणावरचा कर भरण्याची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीवर आहे. डिलिव्हरीच्या आणि प्लॅटफॉर्मच्या शुल्कावर त्याशिवाय १८ टक्के वेगळा.

मिक्सरच्या बाबतीत दुकानदाराने आपल्याला ७२० रुपयांची सूट देऊ केली असे वरवर दिसते, आणि ४,००० अधिक १८ टक्के मिळून ४,७२० होतात, इतपत त्याचे गणित खरे आहे. पण त्या कच्च्या बिलामागे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. समजा त्याने तो मिक्सर वितरकाकडून ३,४०० रुपये अधिक ६१२ रुपये कर देऊन पक्क्या बिलावर आणला. पक्क्या बिलावर ४,७२० ला विकल्यास तो आपल्याकडून ७२० रुपये कर घेतो, त्यातून आधी भरलेले ६१२ वजा करतो आणि सरकारला १०८ रुपये भरतो; त्याला ६०० रुपये सुटतात. बिलाशिवाय ४,००० ला विकून खरेदीवरचे ६१२ रुपये त्याने दुसऱ्या विक्रीवरच्या करातून वळते करून घेतले, तरी त्याला ६०० रुपयेच सुटतात. म्हणजे त्याने स्वतःच्या पदरचे काहीच सोडलेले नाही. आपल्याला मिळालेली सूट ही पूर्णपणे बुडवलेल्या कराची आहे. हे बेकायदेशीर आहे हे सांगायला नकोच, पण आपल्या बाजूनेही तो तोट्याचा सौदा आहे. मोटर जळाली तर हमीच्या काळातली दुरुस्ती मागताना खरेदीची तारीख कशावरून दाखवणार? वस्तू सदोष निघाली आणि ग्राहक आयोगाकडे जावे लागले, तर ती त्याच दुकानातून घेतली हेच आधी सिद्ध करावे लागेल. मी आपल्या जागी असते तर पक्क्या बिलावर सवलत मागितली असती. ४,७२० ही कमाल किंमत आहे, तेवढीच घेतली पाहिजे असा नियम नाही, आणि मिक्सरसारख्या वस्तूवर दुकानदार सहसा काहीतरी सोडतात.

एक फरक मात्र लक्षात असू द्यावा. सुताराच्या कारखान्यातून माप देऊन करून घेतलेले कपाट, किंवा गृहदुरुस्तीची मजुरी, यांवर छापील किंमत नसते. तिथे ‘जीएसटी वेगळा’ हे म्हणणे फसवणुकीचे नसते, फक्त ते आधी सांगितलेले असले पाहिजे. भाव ठरवतानाच ‘हा आकडा करासह की कर सोडून?’ एवढे विचारून ते कागदावर लिहून घ्यावे. ५०,००० रुपयांच्या लाकडी कपाटावर १८ टक्के म्हणजे ९,००० रुपये होतात, आणि ते माल घरी आल्यावर कळणे बरे नव्हे.

कर वेगळा मागणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे पाहणेही अवघड नाही. बिलावर १५ अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०, कर्नाटकासाठी २९. पुढची दहा अंकाक्षरे व्यावसायिकाच्या पॅनची. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘करदाता शोधा’ या सोयीत हा क्रमांक घातला की दुकानाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि ती नियमित आहे की काँपोझिशनची, हे लॉग-इन न करता दिसते. आपण सांगलीकर असल्यामुळे बेळगावची खरेदी अधूनमधून होत असणार. तिथल्या दुकानात समोरासमोर घेतलेल्या वस्तूच्या बिलावर सहसा सीजीएसटी आणि कर्नाटकाचा एसजीएसटी दिसेल, तर बेंगळुरूच्या विक्रेत्याने सांगलीच्या पत्त्यावर पाठवलेल्या वस्तूवर आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा एकत्रित कर, अशी एकच ओळ दिसेल. एकूण दरात त्याने काही फरक पडत नाही. पेट्रोल, डिझेल आणि मद्य जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यांवर प्रत्येक राज्याचे वेगळे कर लागतात, आणि म्हणूनच निपाणीच्या आणि कोल्हापूरच्या पंपांवरचे भाव वेगळे असतात. त्यांचा कर बिलावरून काढता येत नाही. वहीत तो रकाना रिकामा ठेवावा.

बिल मागण्यात संकोच करू नये. ग्राहकाने मागितले नाही, तर २०० रुपयांपेक्षा कमी विक्रीचे स्वतंत्र बिल न देण्याची मुभा नोंदणीकृत दुकानदाराला आहे. मागितल्यावर ते द्यावे लागते, आणि २०० व त्यापुढच्या विक्रीला न मागताही. उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावर छापलेली बिले काही महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून हमीच्या वस्तूंच्या बिलांची छायाप्रत किंवा मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.

आता कुर्त्याचे पैसे. प्रथम बिल आणि कुर्त्याची किमतीची चिठ्ठी घेऊन दुकानात जावे आणि १२३ रुपये ९० पैसे परत मागावे. व्यवस्थापकाशी शांतपणे बोलल्यावर बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम होते. दुकानाने नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याची तक्रार असेल, तर ती जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडेही करता येते, परंतु आपल्या कुर्त्याची एकूण रक्कम छापील किमतीच्या आतच असल्यामुळे इथे ग्राहक आयोगाचा मार्ग अधिक योग्य ठरेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दुकान कोणत्याही गावी असले तरी आपल्याला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या, म्हणजे सांगलीच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. वकील लागतोच असे नाही, खरेदीची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि खरेदीपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. हॉटेलच्या ८४ रुपयांसाठीही हाच क्रम आहे. अर्जासोबत दोन्ही बिलांच्या प्रती आणि कुर्त्याच्या चिठ्ठीचे छायाचित्र जोडावे. ती चिठ्ठी अजून फेकली नसेल, तर आजच वहीत टाचून ठेवा.